सूर्याकडे वेळ मागताना

या महिन्यात सौरनिरीक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. सूर्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजून तेथील चुंबकीय क्षेत्र शोधणाऱ्या उपकरणावर, म्हणजे सौर पोलरीमीटरवर, निरीक्षणाचा वेळ कसा मागावा, असे या वाचकांनी विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न बाकीच्यांच्याही मुळाशी असल्याने त्याचे उत्तर सर्वांत लांबले आहे.

प्रश्न : मी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करीत आहे. सौरडागाच्या काळ्या छायेला दुभंगणाऱ्या प्रकाशसेतूंमधील चुंबकीय क्षेत्र कसे बदलत जाते, हा माझा विषय आहे. परदेशातील एका सौरदुर्बिणीवरील स्लिट-स्पेक्ट्रोपोलरीमीटरसाठी (अरुंद फटीतून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट पाडून त्याचे ध्रुवीकरण मोजणाऱ्या उपकरणासाठी) मी चार दिवसांचा वेळ मागितला होता. ६० × ६० आर्कसेकंदांचे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) क्षेत्र, दर दोन मिनिटांनी एक नकाशा आणि ध्रुवीकरणात ०.०१ टक्क्याची अचूकता, अशी मागणी होती. प्रस्ताव फेटाळला गेला. ‘मागितलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांचे समर्थन दिलेले नाही’, एवढाच शेरा मिळाला. सूर्य इतका तेजस्वी असताना प्रकाश कमी पडण्याचा प्रश्न येतोच कुठे?
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : शेरा त्रोटक आहे, पण चुकीचा नाही. आपल्या शेवटच्या वाक्यातला समज नव्या प्रस्तावांत वारंवार आढळतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

दुर्बिणीतली सूर्यप्रतिमा डोळे दिपवणारी असते हे खरे, परंतु पोलरीमीटर एका वेळी त्या प्रतिमेचा जो कण मोजतो तो फारच लहान असतो. एक आर्कसेकंद म्हणजे सूर्यावरचे सुमारे ७२५ किलोमीटर. आपण त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी स्लिट लावणार, तिच्यातून आलेला प्रकाश वर्णपटात पसरवून अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचे एकक, ०.१ नॅनोमीटर) पन्नासाव्या भागाएवढ्या कप्प्यांत विभागणार, आणि अशा एका कप्प्यातल्या प्रकाशाच्या निरनिराळ्या ध्रुवणस्थितींमध्ये असलेला बारीकसा फरक शोधणार. फोटॉनांच्या मोजणीतली अनिश्चितता त्यांच्या संख्येच्या वर्गमूळावर अवलंबून असते. त्यामुळे ०.१ टक्क्याची अचूकता हवी असेल तर प्रत्येक कप्प्यात किमान १० लाख फोटॉन नोंदले जावे लागतात, आणि ०.०१ टक्क्यासाठी १० कोटी. त्यातही रेषीय ध्रुवीकरण सांगणाऱ्या क्यू व यू आणि वर्तुळाकार ध्रुवीकरण सांगणारी व्ही या तिन्ही स्टोक्स राशी सारख्याच अचूकतेने मोजायच्या असतील, तर आदर्श मॉड्युलेटरची (ध्रुवणस्थिती आळीपाळीने बदलणाऱ्या भागाची) कार्यक्षमतासुद्धा प्रत्येक राशीसाठी सुमारे ५८ टक्क्यांपलीकडे जात नाही, आणि म्हणून वरचे दोन्ही आकडे तिप्पट करावे लागतात.

मोठी दुर्बीण मिळाली की हा प्रश्न सुटेल, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. दुर्बिणीचा व्यास दुप्पट केला की प्रकाश चौपट जमतो, पण त्याच वेळी ती दुर्बीण सूर्यपृष्ठाचे चौपट बारीक तुकडे वेगळे दाखवू लागते, आणि तिची पूर्ण विभेदनक्षमता वापरायची म्हटली की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला येणारा प्रकाश पूर्वीइतकाच राहतो. शिवाय तुकडा जितका लहान, तितका तो लवकर बदलतो. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर आहे, म्हणजे ०.१ आर्कसेकंदाची रचना १० सेकंदांत ओळखू न येण्याइतकी सरकू शकते. एका बाजूने फोटॉन जमवायला वेळ हवा आणि दुसऱ्या बाजूने सूर्य थांबायला तयार नाही. सौर ध्रुवीकरणमापनातली सगळी ओढाताण या दोहोंमधली आहे, आणि आपला प्रस्ताव वाचणारा परीक्षक सर्वप्रथम हेच पाहतो की अर्जदाराला ती ओढाताण कळली आहे का.

आता आपले आकडे मांडून पाहू. ५० सेंटिमीटर व्यासाच्या जपानी ‘हिनोडे’ अवकाश-दुर्बिणीवरील स्पेक्ट्रोपोलरीमीटर लोहाच्या ६३०१.५ आणि ६३०२.५ अँगस्ट्रॉमच्या जोडरेषांमध्ये साधारण ०.१ टक्क्याच्या अचूकतेसाठी स्लिटच्या प्रत्येक जागी ४.८ सेकंद घेतो. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ५ सेकंद धरू. ६० आर्कसेकंदांची रुंदी ०.२ आर्कसेकंदांच्या पावलांनी झाडून घ्यायची तर ३०० पावले होतात, म्हणजे १,५०० सेकंद, म्हणजेच २५ मिनिटे. आपल्याला दर दोन मिनिटांनी नकाशा हवा आहे. पुढे आपण अचूकता दहापट मागितली आहे, म्हणून फोटॉन शंभरपट लागतात आणि प्रत्येक पावलाला ५०० सेकंद. असा एकच नकाशा पूर्ण व्हायला सुमारे ४२ तास लागतील, आणि तेवढ्या वेळात जमिनीवरच्या वेधशाळेत सूर्य एकदा तरी मावळलेला असेल.

याचा अर्थ आपला प्रश्न सुटण्यासारखा नाही, असा मुळीच नाही. प्रकाशसेतूतले क्षेत्र भोवतालच्या छायेपेक्षा दुबळे असले तरी ते सामान्यतः शेकडो ते हजारभर गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घरात असते. १,००० गॉसच्या क्षेत्रात ६३०२.५ अँगस्ट्रॉमच्या रेषेचा घटक झीमन परिणामामुळे (चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटून तिचे घटक वेगळे होण्यामुळे) मध्यापासून सुमारे ०.०४६ अँगस्ट्रॉम सरकतो. रेषेची स्वतःची रुंदी ०.१ अँगस्ट्रॉमच्या आसपास असल्याने व्हीचा संकेत १० टक्क्यांच्या आगेमागे आणि क्यू-यूचे संकेत टक्क्याच्या भाषेत येतात. अशा संकेतांसाठी ०.१ टक्क्याची अचूकता पुरेशी आहे. निरीक्षणाच्या क्षेत्रफळाचेही तसेच. सेतू लांबट असतो, म्हणून स्लिट त्याच्या लांबीला समांतर ठेवून फक्त ६ आर्कसेकंदांची पट्टी झाडली, तर ३० पावले आणि १५० सेकंद लागतात. आपण मागितलेली दोन मिनिटे आणि हाती येणारी अडीच मिनिटे यांत फारसे अंतर नाही. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी पूर्ण डागाचा एकेक मोठा, २५ मिनिटांचा नकाशा घ्यावा आणि मधल्या वेळात ही अरुंद पट्टी पुन्हा पुन्हा झाडावी, असे लिहिले असते तर त्याच परीक्षकाला आक्षेप घेण्यासारखे थोडेच उरले असते.

पुढच्या फेरीसाठी माझी सूचना एवढीच, की प्रस्तावातला प्रत्येक आकडा कोणत्या भौतिक कारणातून आला ते त्याच्या शेजारच्याच वाक्यात लिहावे. सेतूतला प्रवाह अमुक वेगाने बदलतो म्हणून अडीच मिनिटे. अपेक्षित संकेत अमुक म्हणून ०.१ टक्का, सेतूची रुंदी अमुक म्हणून ०.२ आर्कसेकंद. ‘शक्य तितकी उत्तम अचूकता’ हे शब्द प्रस्तावात दिसले की वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. ०.०१ टक्क्याची गरज खरोखर पडते ती शांत सूर्यावरच्या विरळ चुंबकीय क्षेत्रांसाठी, सूर्यबिंबाच्या कडेजवळच्या विकिरणजन्य ध्रुवीकरणासाठी किंवा क्रोमोस्फिअरमधल्या (दृश्य पृष्ठभागाच्या वरच्या थरातल्या) दुबळ्या संकेतांसाठी. तिथे मग काळाची किंवा विभेदनाची मागणी सोडून द्यावी लागते, आणि काय सोडले हेही उघडपणे लिहावे लागते.

प्रश्न : प्रस्ताव काही महिने आधी द्यायचा असतो. सौरडाग मात्र काही दिवसांचे पाहुणे. मग ‘लक्ष्य’ या रकान्यात काय भरायचे? आणि सौरज्वाळांचे निरीक्षण करायचे असेल तर काय?
— एम.एस्सी.चा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : ताऱ्यांच्या अभ्यासकाला आकाशातले निर्देशांक देता येतात, आपल्याला ते देता येत नाहीत. म्हणून सौर प्रस्तावात लक्ष्याचे नाव न देता लक्ष्याची लक्षणे द्यायची असतात. ‘बिंबाच्या मध्यापासून ३० अंशांच्या आत असलेला, छायेत किमान २ आर्कसेकंद रुंदीचा सेतू असलेला डाग’ असे लिहिले, की निरीक्षणाच्या सकाळी दुर्बिणीपाशी असलेला माणूस आदल्या दिवशीची चित्रे पाहून निर्णय घेऊ शकतो. त्याला आपल्या मनातले ओळखावे लागू नये, ही या रकान्याची खरी कसोटी आहे. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांत होते, त्यामुळे एखादा प्रदेश दिसू लागल्यापासून मावळेपर्यंत तेरा-चौदा दिवस मिळतात, आणि मध्याजवळचे चांगले दिवस त्यांतले चार-पाचच असतात. चार दिवसांचा सलग वेळ मागण्याऐवजी दहा-बारा दिवसांच्या अवधीतले कोणतेही चार दिवस चालतील असे लिहिणे अधिक शहाणपणाचे.

पर्यायी लक्ष्य न लिहिणे ही या क्षेत्रातली मोठी चूक. सौरचक्र क्रमांक २५चा कळस २०२४च्या सुमारास होऊन गेला. पुढच्या किमानापर्यंत डागांची संख्या एकंदरीत घटत जाईल, आणि मोठ्या, गुंतागुंतीच्या डागावरच अवलंबून असलेल्या प्रस्तावाला रिकाम्या बिंबाकडे पाहत बसण्याची वेळ येऊ शकते. त्या दिवशी लहान डाग, छिद्रे (भोवतीचा करडा पट्टा नसलेले चिमुकले डाग) किंवा जाळीदार चुंबकीय क्षेत्र यांपैकी कशाचे निरीक्षण करावे आणि त्यातून काय हाती लागेल, हे दोन-तीन वाक्यांत द्यावे.

ज्वाळेची तर वाटच पाहावी लागते. स्लिट नेमकी ज्वाळा फुटेल तिथे आणि तेव्हा असण्याची शक्यता कमी असते, म्हणून ज्वाळा न आल्यासही उपयोगी पडेल अशी निरीक्षणांची रचना दाखवता आली, तरच असा प्रस्ताव टिकतो. ज्वाळेपूर्वीचे चुंबकीय क्षेत्र हाच मुख्य विषय ठेवणे हा त्यावरचा एक चांगला मार्ग आहे.

प्रश्न : पुण्यातील आयुकाने बनवलेला ‘सूट’ हा कॅमेरा आदित्य-एल१ यानावर आहे. त्याच्याकडून सूर्याचे चुंबकीय क्षेत्र मोजण्यासाठी वेळ मागता येईल का?
— निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : ‘सूट’ ही सूर्याची प्रतिमा घेणारी दुर्बीण आहे. ती २०० ते ४०० नॅनोमीटर या जवळच्या अतिनील पट्ट्यात अकरा गाळण्यांमधून चित्रे घेते, पण ध्रुवीकरण मोजत नाही. त्यामुळे तिच्याकडून क्षेत्राचा आकडा मिळणार नाही, मात्र क्षेत्रामुळे क्रोमोस्फिअरमध्ये काय घडते ते चांगले दिसते. त्याच यानावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेला ‘व्हेल्क’ हा करोनालेखक, म्हणजे सूर्यबिंब झाकून त्याचे बाहेरचे वातावरण (करोना) पाहणारे उपकरण, आहे. त्यात लोहाच्या १०७४७ अँगस्ट्रॉमच्या अवरक्त रेषेत ध्रुवीकरण मोजण्याची सोय केलेली आहे आणि तिचा रोख करोनाच्या चुंबकीय क्षेत्राकडे आहे. यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्याची विदा इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावरून मिळते, आणि आपल्यासारख्या जिज्ञासूने वेळ मागण्याआधी तिथे जाऊन ती उघडून पाहावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाकडे दुर्बीणही नाही आणि प्रवासाला निधीही नाही. अशा ठिकाणच्या प्राध्यापकाने व विद्यार्थ्यांनी कुठे अर्ज करावा? भारतातल्या वेधशाळा चालतील का?
— प्राध्यापक, नांदेड

उत्तर : अर्ज करण्यापूर्वी काही महिने अर्ज न करता काम करावे, असे मी सुचवीन. वर उल्लेखलेल्या ‘हिनोडे’ची २००६पासूनची ध्रुवीकरण-निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत, आणि त्यांतून काढलेले क्षेत्राचे तयार नकाशेही उपलब्ध आहेत. नासाच्या ‘सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी’वरील ‘एचएमआय’ हे उपकरण २०१०पासून संपूर्ण सूर्यबिंबाचे क्षेत्र लोहाच्या ६१७३ अँगस्ट्रॉमच्या रेषेत मोजत आहे. त्याची विभेदनक्षमता एका आर्कसेकंदाच्या आसपास असली, तरी दर १२ मिनिटांनी क्षेत्राचा सदिश (ताकद आणि दिशा दोन्ही दाखवणारा) नकाशा मिळतो, तोही ढग-पावसाची फिकीर न करता. महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर या विदेतून एक संपूर्ण प्रबंध उभा राहू शकतो.

आणि हे केवळ गरिबाघरचे भागवणे नव्हे. कोणत्याही समितीचा पहिला प्रश्न ‘हे उपलब्ध विदेतून का होत नाही?’ असाच असतो. त्याला ‘करून पाहिले, अमुक ठिकाणी अडले, आकृती जोडली आहे’ असे उत्तर देता येणाऱ्याचे पारडे जड होते. मोठ्या नावाची शिफारस नसलेल्या अर्जदाराकडे याहून चांगले हत्यार मला ठाऊक नाही.

भारतात दोन ठिकाणे विचारात घेण्यासारखी आहेत. उदयपूरला फतेहसागर तलावातल्या बेटावर भौतिक संशोधन प्रयोगशाळेची ५० सेंटिमीटर व्यासाची ‘मास्ट’ दुर्बीण २०१५पासून काम करीत आहे. भोवताली पाणी असल्याने जमीन तापून हवेत उठणारी खळबळ तिथे कमी असते. ६१७३ आणि ८५४२ अँगस्ट्रॉम या दोन रेषांमुळे पृष्ठभाग आणि क्रोमोस्फिअर असे दोन्ही स्तर तिच्या आवाक्यात येतात. दुसरे ठिकाण कोडाईकनाल. तिथली बोगदा-दुर्बीण तिच्या ६० सेंटिमीटरच्या आरशांनी सूर्यप्रकाश मनोऱ्यावरून खाली आणून ३८ सेंटिमीटरच्या, ३६ मीटर नाभीय अंतराच्या भिंगातून वर्णपटलेखकाकडे पाठवते. डागाच्या काळ्या छायेभोवतीच्या उपच्छायेतून बाहेर वाहणारा वायूचा प्रवाह जॉन एव्हरशेड यांनी १९०९ साली याच वेधशाळेत शोधला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा संसारही, ती १९१२ साली बंद झाल्यावर, कोडाईकनाललाच गेला, हे जाता जाता. दोन्ही ठिकाणी आधी तिथल्या शास्त्रज्ञाला एका पानाची कल्पना लिहून पाठवावी आणि त्यांना सहसंशोधक म्हणून सोबत घेता येईल का ते पाहावे. उपकरणाच्या खोड्या त्या उपकरणाशेजारी बसणाऱ्यालाच माहीत असतात.

परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी हवाईच्या माउई बेटावरील हालेआकाला शिखरावरची ४ मीटरची इनोये सौरदुर्बीण आपल्या परिस्थितीत सोयीची ठरू शकते, कारण तिथली निरीक्षणे सेवापद्धतीने होतात. अर्जदाराने जायचे नसते. वेधशाळेचे कर्मचारी हवामान आणि लक्ष्य पाहून मंजूर प्रस्तावांपैकी योग्य तो चालवतात आणि विदा नंतर अमेरिकेतील बोल्डरच्या केंद्रातून मिळते. तिच्यावरचा ‘व्हिस्प’ हा वर्णपटलेखक एकाच वेळी तीन वेगळ्या रेषा पाहतो. त्याची आकडेमोड करून देणारी सोयही वेधशाळेने ठेवली आहे, आणि ती वापरल्याशिवाय त्या उपकरणासाठी अर्ज लिहूच नये. कॅनरी बेटांवरच्या १ मीटरच्या स्वीडिश दुर्बिणीचा किंवा १.५ मीटरच्या ‘ग्रेगोर’चा वेळ मुख्यतः त्या उभारणाऱ्या संस्थांच्या हाती असतो, त्यामुळे तिथे युरोपीय सहकारी असल्याशिवाय वाट सोपी नाही. अवरक्तातल्या १५६४८ अँगस्ट्रॉमच्या रेषेची गरज असेल तर मात्र ‘ग्रेगोर’चा विचार करावाच. १,००० गॉसला तिचे सरकणे सुमारे ०.३४ अँगस्ट्रॉम, म्हणजे ६३०२.५च्या सातपटीहून अधिक भरते.

प्रश्न : वेळ मंजूर झाला की अर्जदाराचे काम संपले का? ‘कॅलिब्रेशन’साठी वेगळा वेळ मागावा लागतो असे ऐकले आहे.
— अभियंता, ठाणे

उत्तर : ऐकले ते खरे आहे. दुर्बिणीचे आरसे स्वतःच प्रकाशाचे ध्रुवीकरण करतात. विशेषतः सूर्यामागे फिरणाऱ्या तिरप्या आरशांच्या मांडणीत हे खोटे ध्रुवीकरण दिवसाच्या वेळेनुसार बदलते आणि व्हीचा संकेत क्यू-यूमध्ये किंवा उलट झिरपतो. म्हणून माहीत असलेल्या ध्रुवीकरणाचा प्रकाश उपकरणात सोडून त्याचा प्रतिसाद मोजावा लागतो, शिवाय बिंबाच्या मध्याजवळ दुर्बीण हलवत ठेवून सपाट प्रतिमा (उपकरणाचे स्वतःचे पट्टे ओळखून काढून टाकण्यासाठी) आणि झाकण लावून अंधारप्रतिमा घ्याव्या लागतात. सेवापद्धतीत हे काम वेधशाळा करते. स्वतः जाऊन निरीक्षण करायचे असल्यास चार तासांतला निदान पाऊण तास यात जाईल असे धरून मागणी करावी. हवेच्या खळबळीमुळे दोन मोजण्यांच्या मधल्या क्षणी प्रतिमा हलली की तीही ध्रुवीकरणाचा आव आणते. त्यावर दोन लंब घटक एकाच वेळी टिपणारी दुहेरी शलाका आणि अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स हे उपाय आहेत, परंतु यांतली दुसरी, म्हणजे हवेमुळे बिघडणारी प्रतिमा आरशाचा आकार बदलून सावरणारी प्रणाली, डाग किंवा कणीदार पोत पकडून चालते, म्हणून बिंबाबाहेरच्या उद्रेकांसाठी अर्ज करणाऱ्याने ती चालेल असे गृहीत धरू नये.

माझ्याच एका जुन्या सत्रात दुपारी जेवणानंतर आम्ही दुसऱ्या रेषेसाठी ग्रेटिंग (प्रकाश वर्णपटात पसरवणारी जाळी) फिरवले, तेवढ्यात हवा अप्रतिम झाली आणि ती वाया जाऊ नये म्हणून नव्या जागी सपाट प्रतिमा न घेताच निरीक्षण सुरू केले. संध्याकाळी घेऊ म्हटले तर ढग आले. वर्णपटावरच्या आडव्या-उभ्या पट्ट्या सकाळच्या सपाट प्रतिमांनी निघाल्या नाहीत, आणि त्या अर्ध्या दिवसाची विदा आजही माझ्या हार्डडिस्कवर तशीच पडून आहे.